‘प्रूडन्स’चा मराठी संसार

शेवगांव तालुक्यांत शेअर बाजाराच्या नांवावर लोकांच्या ठेवी घेणारीं ऑफिसें २०२४ सालीं एकामागून एक बंद पडलीं, चालक परागंदा झाले, आणि ठेवीदार तक्रारी घेऊन पोलिस ठाण्याच्या पायऱ्या झिजवूं लागले. त्या सुमारास आमच्या एका पुणेंकर स्नेह्यांचें आम्हांस पत्र आलें. पत्रांत कळवळा होता, थोडा उपदेशही होता, आणि अखेरीस एक वाक्य असें होतें कीं तें वाचून आम्हीं कागद बाजूस ठेवला. त्यांनीं लिहिलें होतें : तुमच्या तालुक्यांतील लोकांपाशीं कष्ट आहेत, अलीकडे पैसाही आला आहे, परंतु ‘प्रूडन्स’ म्हणून जी चीज असते ती मात्र नाहीं.

आतां हे स्नेही मराठी लिहिण्यांत कच्चे आहेत असें मुळींच नव्हे. सगळें पत्र शुद्ध मराठींत होतें. हा एकच शब्द त्यांनीं इंग्रजी राहूं दिला. कां बरें? त्यांनीं ‘सावधगिरी’ म्हटलें असतें तर लोकांनीं सावधगिरी घेतली कीं नाहीं हें तपासून पाहतां आलें असतें. ‘शहाणपण’ म्हटलें असतें तर स्वतःच्या वाक्याचा त्यांना स्वतःलाच संकोच वाटला असता. अडचणींत सांपडलेल्या माणसाला तुला शहाणपण नाहीं असें तोंडावर सांगणें सभ्य गृहस्थाला जड जातें. ‘प्रूडन्स’ म्हटलें कीं दोन्ही अडचणी टळतात. परक्या भाषेंतील सद्गुण मोजावयाला आपल्याकडे माप नसतें. तो अमुकापाशीं नाहीं असें म्हणावें, आणि तें म्हणणाऱ्यापाशीं तो आपोआप आहे असें ठरावें. आमचा या शब्दाशीं कांहींच तंटा नाहीं. तो मोठ्या कुळांतला शब्द आहे. तंटा आहे तो आम्हीं सुशिक्षितांनीं मराठी घरांत आणून त्याची जी दशा केली तिच्याशीं, आणि या दशेंत आमचा स्वतःचा हात किती, हें सांगितल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं.

प्रथम हकीकत. शेवगांव हें अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. उत्तरेस गोदावरी व पलीकडे पैठण. जायकवाडीचें धरण १९७६ सालीं पुरें झालें. नाथसागराच्या पाण्याखालीं या तालुक्यांतील कित्येकांच्या जमिनी गेल्या, कित्येकांच्या भिजूं लागल्या. पाण्याजवळ ऊंस आला. पाणी जेथें पोंचलें नाहीं तेथें बाजरी, तूर व कपाशी, आणि आभाळाकडे लागलेले डोळे. अशा मुलखांत महिन्याला शेंकडा दहा, कोठें त्याहूनही अधिक, परतावा देऊं असें सांगणारीं ऑफिसें निघालीं. शेतकऱ्यांनीं पैसे दिले, शिक्षकांनीं दिले, दुकानदारांनीं दिले, नोकरींतून निवृत्त झालेल्यांनीं दिले.

शेंकडा दहा हा आंकडा ऐकावयास साधा वाटतो, म्हणून त्याचा हिशेब मांडून दाखवितों. त्याच काळीं बँकेंत ठेवीवर वर्षाला सात टक्क्यांच्या आसपास व्याज मिळे. महिन्याला दहा टक्के येणारी रक्कम न उचलतां मुद्दलांतच मिळवीत गेलें, तर एका लाखाचे वर्षाअखेर तीन लाख तेरा हजारांहून अधिक होतात, आणि पांच वर्षांनीं तीन कोटींच्या वर जातात. असा धंदा खरोखर कोणाला साधला असता तर त्याला शेवगांवच्या बाजारपेठेंत गाळा भाड्यानें घेऊन आमच्यासारख्यांच्या लाख लाख रुपयांची वाट पाहत बसण्याचें कारण उरलें नसतें. एवढा एक प्रश्न विचारला कीं सारा डोलारा कोसळतो. पण तो प्रश्न बहुतेकांनीं विचारला नाहीं. कां विचारला नाहीं, हा खरा मुद्दा आहे.

स्नेह्यांची समजूत अशी दिसते कीं लोकांनीं डोळे मिटून उडी घेतली. आम्ही येथें राहतों. आम्हीं पाहिलें तें निराळें होतें. मनुष्य प्रथम कांहींच देत नसे. शेजाऱ्यानें दिले आहेत, त्याचें काय होतें तें तो तीन-चार महिने पाही. शेजाऱ्याला दर महिन्याला ठरल्या दिवशीं पैसे मिळत आहेत अशी खात्री झाली कीं मग तो पंचवीस हजार देई. तेही मुद्दाम, बुडाले तरी घर बुडूं नये एवढेच. दोन-तीन महिने हप्ते हातीं पडले म्हणजे लाख देई. मग मेव्हण्याला विचारी, मुलीच्या सासऱ्यांना विचारी, शाळेंतल्या मास्तरांना विचारी. मास्तरांनींही दिले आहेत असें कळे. आणि मग कपाशीचे सगळे पैसे, बायकोच्या अंगावरील सोनें गहाण ठेवून काढलेले पैसे, क्वचित् तुकडा विकून आलेले पैसे त्या ऑफिसांत जात. अजमावून पाहणें, थोडक्यानें आरंभ करणें, चार जणांचा सल्ला घेणें, अनुभव आल्यावर पुढें सरकणें, हीच सावधगिरी नव्हे काय? शाळेच्या निबंधांत आम्ही मुलांना जी सावधगिरी शिकवितों ती यांनीं अक्षरशः पाळली. असल्या योजनांची रीतच अशी आहे कीं नव्या ठेवींतून जुन्याचे हप्ते भागवावयाचे. म्हणजे सावध माणसाला जो पुरावा हवा असतो तोच त्याला दर महिन्याला पुरवीत राहावयाचें. उतावळ्या माणसाला फसविण्यास एवढा खटाटोप लागत नाहीं. येथें सावधगिरी नव्हती असें नाहीं. सावधगिरीनेंच लोक आंत नेले गेले.

तेव्हां ‘प्रूडन्स’ नव्हता हें स्नेह्यांचें म्हणणें खरें ठरवावयाचें असेल तर प्रूडन्स म्हणजे सावधगिरी हें समीकरण सोडावें लागेल. आणि तें सोडण्यासारखेंच आहे. (जातां जातां : ‘सावधगिरी’ हा शब्द मोठा मौजेचा आहे. ‘सावध’ संस्कृत, ‘गिरी’ फारशी. मुलूखगिरी, कारागिरी, मुत्सद्देगिरी, गुलामगिरी, हुजरेगिरी. ‘गिरी’ लागली कीं गुणाचा पेशा होतो. सावधपण हा मनाचा धर्म, सावधगिरी हा त्याचा धंदा.)

इंग्रजीनें हा शब्द लॅटिनपासून घेतला. लॅटिनमध्यें ‘प्रो’ म्हणजे पुढें व ‘व्हिडेरे’ म्हणजे पाहणें. आपल्या ‘विद्’ धातूचा तो सख्खा भाऊ. त्यापासून ‘प्रोव्हिडेन्शिया’ व तीच आखडून ‘प्रूडेन्शिया’. म्हणजे मूळ अर्थ पुढचें पाहणें हा आहे; थांबणें, बिचकणें किंवा हात आंखडणें हा नाहीं. आमच्या वर्गांत एका विद्यार्थ्यानें एकदां या शब्दाचा संबंध ‘प्रूड’शीं, म्हणजे उठतां बसतां नाकें मुरडणाऱ्या सोंवळ्या माणसाशीं, जोडला होता. व्युत्पत्ति चूक, त्या शब्दाचें घराणें निराळें. पण आमच्या समाजांत प्रूडन्सला जें रूप आलें आहे तें पाहतां त्या मुलाला आम्हीं अर्धा गुण द्यावयास हवा होता असें आतां वाटतें.

लॅटिनच्याही मागें ग्रीकांचा ‘फ्रॉनेसिस’ आहे. ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्राच्या सहाव्या भागांत त्याचा विचार केला आहे. नुसती हुशारी निराळी आणि ही बुद्धि निराळी, असें तो बजावतो. हुशारी चोरालाही असते. ज्याला स्वतःचें व इतरांचेंही हित कशांत आहे हें दिसतें आणि प्रसंगीं काय करावें हें ठरवितां येतें तो या गुणाचा माणूस. उदाहरण म्हणून तो पेरिक्लीझसारख्या माणसांचें नांव घेतो. पैसा राखून ठेवणाऱ्या एखाद्या सावकाराचें नाहीं. लंडनच्या नॅशनल गॅलरींत टिशनचें एक प्रसिद्ध चित्र आहे. त्यांत माणसांचीं तीन तोंडें आहेत : एक म्हाताऱ्याचें, एक पोक्त वयाच्या माणसाचें, एक तरुणाचें. झालेलें आठवून, चाललेलें पाहून, होणारें बिघडूं नये असें वागणें, हा त्या चित्राचा भाव. तिन्ही तोंडांचे डोळे उघडे आहेत.

मग या गुणाला कंजूषपणाची कळा आली केव्हां? पुष्कळ लोक ती ॲडम स्मिथच्या माथीं मारतात, पण तो बिचारा त्या दोषाचा धनी नव्हे. ‘थिअरी ऑफ मॉरल सेंटिमेंट्स’ या ग्रंथाच्या १७९० च्या आवृत्तींत त्यानें प्रूडन्सवर मुद्दाम नवीन विवेचन घातलें. आपलें आरोग्य, आपली मिळकत, आपला लौकिक सांभाळणाऱ्या माणसाला तो प्रूडंट म्हणतो खरा. पण अशा माणसाविषयीं जगाला वाटणारा आदर कोमटच असतो हेंही तो सांगून टाकतो. सेनापति, मुत्सद्दी, कायदे करणारे यांच्या ठिकाणीं जो प्रूडन्स धैर्याशीं, परोपकाराशीं व न्यायबुद्धीशीं जोडलेला असतो तो वरच्या दर्जाचा, असें त्याचें स्पष्ट म्हणणें आहे. आम्हीं स्मिथच्या दोन मजली घरापैकीं खालचा मजला तेवढा भाड्यानें घेतला, आणि वरती जिना जातो हें विसरून गेलों.

आमच्या कायद्यांत तर याहून स्पष्ट पुरावा आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत एखादी गोष्ट ‘शाबीत’ झाली असें केव्हां समजावयाचें याची व्याख्या होती. कोर्टाला ती गोष्ट खरी वाटावी, नाहीं तर इतकी संभवनीय वाटावी कीं त्या विशिष्ट परिस्थितींत एखाद्या प्रूडंट माणसानें ती खरी धरून वागावें. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागीं भारतीय साक्ष्य अधिनियम आला. पण हा प्रूडंट माणूस जुन्या घरांतून नव्या घरांत सामानसुमानासह राहावयास गेला आहे. वाचकांनीं त्या व्याख्येंतील शेवटच्या क्रियापदाकडे लक्ष द्यावें. प्रूडंट माणूस पूर्ण खात्रीची वाट पाहत बसत नाहीं. पुरेसा संभव दिसला कीं तो वागतो. दहा टक्के महिन्याचा परतावा खोटा असल्याचा संभव किती होता? शंभरांत नव्याण्णव. मग प्रूडंट म्हणविणाऱ्या माणसांनीं तो खोटा धरून वागावयास हवें होतें, म्हणजे चारचौघांत तसें बोलावयास हवें होतें. आम्हीं काय केलें? आपले स्वतःचे पैसे दिले नाहींत आणि गप्प बसलों. आणि त्या गप्प बसण्यालाही प्रूडन्स हेंच नांव दिलें.

येथें आम्हां पगारदारांविषयीं थोडें बोलणें भाग आहे. आमच्या घराघरांतून एक शब्द रोज वावरतो : प्रॉव्हिडंट फंड. तोही त्याच लॅटिन कुळांतला. पुढचें पाहून ठेवलेला फंड. त्यांत आमची दूरदृष्टि किती असते? पगार हातीं पडण्यापूर्वींच कचेरींतील कारकून तो कापून घेतो. विम्याचा हप्ता कापला जातो, सोसायटीचा हप्ता कापला जातो. महिनाअखेर आम्ही जे प्रूडंट उरतों ते कापून उरलेले प्रूडंट असतों. ज्याच्या वतीनें कचेरी पुढचें पाहते त्यानें, ज्याचें पुढचें आभाळावर व भावावर अवलंबून आहे त्याला, तुला पुढचें पाहतां येत नाहीं असें म्हणावें, याला आम्हांस तरी धिटाईच वाटते. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण आम्ही फार आवडीनें सांगतों. पाय लांबविणाऱ्याची आम्ही चेष्टा करतों. अंथरूण कोणीं व कां आंखूड शिवलें याची चौकशी करण्याचें आम्हांस सुचत नाहीं.

ही संवय आजची नव्हे. १८७५ च्या मे महिन्यांत सुप्याच्या बाजारीं शेतकऱ्यांनीं सावकारांच्या वह्या जाळल्या, आणि दंगा पुणें व नगर जिल्ह्यांत पसरला. तेव्हां साहेबांच्या व इकडच्या सुशिक्षितांच्या तोंडीं एकच बोल होता : कुणबी ‘इम्प्रॉव्हिडंट’, म्हणजे उधळ्या, पुढचें न पाहणारा, लग्नांत पैसे उडवितो व कर्जांत बुडतो. सरकारनें चौकशीकरितां कमिशन नेमलें. त्या कमिशनला हिशेब तपासल्यावर असें म्हणावें लागलें कीं कर्जाचें कारण म्हणून लग्नाकार्यांच्या खर्चाला वाजवीपेक्षां फार अधिक महत्त्व दिलें गेलें आहे. लहान लहान कर्जें, जबर व्याज, पावसाचा भरंवसा नाहीं व सरकारसारा मात्र ठरलेला, हीं कारणें पुढें आलीं. १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांचा कायदा झाला. पण शब्द राहिला. दीडशें वर्षें उलटल्यावर तोच शब्द, फक्त पुढचा ‘इम्’ गाळून व ‘नाहीं’ जोडून, आमच्या स्नेह्यांच्या पत्रांतून पुन्हां नगर जिल्ह्यांत आला.

याचा अर्थ ठेवीदार निर्दोष होते असा आम्ही करीत नाहीं. लोभ होता. घाम न गाळतां येणाऱ्या पैशाची चटक लागली होती. गाड्या आल्या, बंगल्यांना रंग लागले, आणि जो पैसे गुंतवीत नाहीं तो भित्रा असें तरुण मुलें बोलूं लागलीं होतीं. जीं ऑफिसें बंद पडलीं त्यांच्या एजंटांत गांवचींच मुलें होतीं, हेंही लपविण्यांत अर्थ नाहीं. पण लोभाला लोभ म्हणावें. त्याला प्रूडन्सचा अभाव म्हटलें कीं लोभी माणूस मूर्ख ठरतो आणि लबाड माणूस चर्चेंतून सुटतो.

मराठींत या गुणाला शब्द नाहीं, म्हणून इंग्रजी शब्द ठेवावा लागतो, असें कोणी म्हणतील. त्यांनीं थोडे कष्ट घ्यावे. ‘दूरंदेशी’ हा जुना शब्द फारशींतून आला, पण किती नेमका! लांबवरचा विचार. लॅटिन ‘प्रोव्हिडेन्शिया’शी तो हात मिळवील. आज तो कोणी बोलत नाहीं. ‘धोरणी’ आहे, पण धोरणी माणूस म्हटलें कीं आतां कावेबाज माणूस डोळ्यांपुढें येतो. रामदासांकडे पाहिलें तर आणखी एक गोष्ट दिसते. दासबोधांत त्यांनीं महत्त्वाच्या गोष्टींचा जो क्रम लावला आहे त्यांत हरिकथा पहिली, राजकारण दुसरें, सावधपण तिसरें, आणि लगेच चौथा साक्षेप, म्हणजे उद्योग. सावधपण तें सर्व विषयांत हवें म्हणून सांगितलें, आणि त्याला उद्योगाच्या शेजारीं बसविलें. सावध माणसानें हात बांधून बसावें असें त्यांच्या मनांतही आलें नसावें. ‘सावधान’ या शब्दाचा अर्थच मुळीं अवधानासह, म्हणजे लक्ष देऊन, असा आहे. त्यांत भीतीचा लवलेश नाहीं. आपल्याकडे लग्नांत तो शब्द भटजी कोणत्या क्षणीं उच्चारतात? अंतरपाट दूर होण्याच्या क्षणीं. उभ्या आयुष्यांतील सर्वांत मोठा जुगार खेळावयास माणूस निघाला आहे, आणि त्याला सांगावयाचें काय, तर सावधान; आणि लगेच हार घालावयाचा. गोदावरीपलीकडील जांब गांवच्या नारायणानें तो शब्द ऐकला व तो मांडवांतून पळाला, अशी आख्यायिका आहे. तो पळाला हेंही एका अर्थीं सावधपणच, कारण त्याला पुढचें दिसलें व त्याप्रमाणें तो वागला. आम्ही सुशिक्षित मात्र हारही घालीत नाहीं आणि पळतही नाहीं. अक्षता हातांत धरून उभे राहतों.

आणि ज्या शेतकऱ्याला हा गुण नाहीं म्हणतात त्याचा एक दिवस पाहा. मृगाचा पाऊस झाला कीं दुसऱ्या दिवशीं पाभर धरणारा अडाणी समजला जातो. जमीन पाण्यानें चिकट झालेली असते, बियाणें कुजेल. तो वाफशाची वाट पाहतो. मूठभर माती उचलतो, दाबतो, सोडतो. ती फुटते कीं चिकटून राहते तें बघतो. आणि वाफसा आला कीं मग मुलीचें लग्न असलें तरी एक दिवस थांबत नाहीं, कारण उन्हानें ओल उडाली म्हणजे हंगाम गेला. बाजरींत तुरीच्या ओळी टाकतो; बाजरी बुडाली तर तूर हातीं लागेल. थांबणें आणि न थांबणें हीं दोन्ही एकाच शहाणपणाचीं अंगें आहेत, हें तो जाणतो. ॲरिस्टॉटलला फ्रॉनेसिसचें उदाहरण म्हणून पेरिक्लीझ मिळाला. शेवगांवांत तो राहता तर त्याला जून महिन्यांत वाटेल त्या बांधावर मिळाला असता. मग हाच मनुष्य त्या ऑफिसाच्या दारांत फसला कसा? आमचें उत्तर असें कीं माती त्याच्या ओळखीची होती, शेअर बाजार ओळखीचा नव्हता. ओळखीबाहेरच्या गोष्टींत मनुष्य ज्याला ती कळते त्याला विचारतो. त्यानेंही विचारलें.

त्यानें आम्हांस विचारलें. आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील, बोधेगांवच्या बाजूचे. २०२३ च्या दिवाळीनंतर एका संध्याकाळीं ते घरीं आले. कपाशीचे पैसे झाले होते. चहा झाल्यावर म्हणाले, “सर, तुम्ही शिकलेली माणसं. टाकू का नको, येवढंच सांगा.”

आम्हांस काय वाटत होतें तें आम्हांस ठाऊक होतें. हिशेब वर मांडलाच आहे. तो त्या संध्याकाळीं कागदावर मांडण्यास दोन मिनिटें लागलीं असतीं. खात्रीचा परतावा कबूल करून पैसे घेण्यास सेबीची मनाई आहे, आणि नोंदणी न करतां ठेवी गोळा करणें २०१९ च्या कायद्यानें गुन्हा आहे, हेंही सांगतां आलें असतें. पण त्या ऑफिसांत आमच्याच एका सहकाऱ्याचे पैसे होते. चालक गांवांतल्या वजनदार लोकांत उठबस करणारे होते. उद्यां हप्ता आलाच, तर सरांनीं आमचें नुकसान केलें असा बोल यावयाचा. आम्हीं घसा साफ केला आणि म्हटलें, “अहो, असल्या गोष्टींत सावधगिरीनं पाऊल टाकावं.”

वाक्य निर्दोष होतें. त्यावर आमच्यावर कधींही कोणी फिर्याद करूं शकणार नाहीं. त्यांनीं मात्र तें आमच्यासारखें ऐकलें नाहीं. त्यांनीं ‘पाऊल टाकावं’ हें ऐकलें, आणि सावधगिरीनें टाकलें. प्रथम तीस हजार. तीन हप्ते आले. मग उरलेले. २०२४ च्या उन्हाळ्यांत ऑफिसाला कुलूप लागलें.

आमच्या स्नेह्यांना आम्हीं हें कळविलें तेव्हां त्यांचें उत्तर आलें कीं प्राध्यापक म्हणजे गुंतवणुकीचा सल्लागार नव्हे. तुम्ही बोललां नाहीं हाच प्रूडन्स. येथें आमचा व त्यांचा खरा मतभेद आहे. १८८२ च्या ट्रस्टच्या कायद्यांत विश्वस्तावर एक जबाबदारी टाकली आहे : साधारण प्रूडंट मनुष्य स्वतःची मिळकत जितक्या काळजीनें सांभाळील तितक्याच काळजीनें त्यानें दुसऱ्याची सांभाळावी. कोणी आमच्या ओट्यावर येऊन ‘सांगा’ म्हणतो तेव्हां तो आपल्या कपाशीचे पैसे क्षणभर आमच्या हातांत ठेवतो. ते आमचे असते तर आम्हीं टाकले असते काय? नसते टाकले. मग तें त्याला सांगितलें नाहीं याला काय म्हणावें? लिहिणाऱ्यानें शब्दकोश उघडून पाहावा. आमच्या मतें त्याला मराठींत ‘भित्रेपणा’ असा पुरेसा जुना शब्द आहे.

दुसरा आक्षेप असा कीं बँकेंत ठेवा एवढें तरी सांगतां आलें असतें. आलें असतें, पण त्याच २०२३ च्या ऑक्टोबरांत रिझर्व्ह बँकेनें नगर अर्बन या जुन्या सहकारी बँकेचा परवाना रद्द केला होता. जिल्ह्यांतील कित्येक सावध माणसांचे पैसे तेथें होते. पांच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचें संरक्षण आहे हें ज्यांना ठाऊक होतें ते थोडे धीरानें राहिले. इतरांनीं एवढाच बोध घेतला कीं बँकाही बुडतात. मग महिन्याला दहा टक्के देणारानें तरी काय वाईट केलें? पतंगाला दिव्याकडे लोटणारा वारा असा कित्येक बाजूंनीं वाहत होता. बँकांकरितां रिझर्व्ह बँकेचे जे नियम असतात त्यांनाही ‘प्रुडेन्शिअल नॉर्म्स’ म्हणतात, हें येथें आठवल्यावांचून राहत नाहीं.

ठेवीदारांच्या हितरक्षणाचा राज्याचा कायदा १९९९ सालचा आहे. त्याखालीं मालमत्ता जप्त होतात, विकल्या जातात, पैसे वांटले जातात. पण चाल कासवाची. विद्यार्थ्याच्या वडिलांचा तक्रार-अर्ज आम्हींच लिहून दिला. चार पानें झालीं. त्यांनीं सही केली आणि कागद घडी करून खिशांत ठेवला. “सर, तुम्ही तेव्हां असं म्हणाला होता” असा एक शब्दही त्यांनीं काढला नाहीं, आणि आम्हांस तो काढण्याचें धैर्य झालें नाहीं.

यंदा पावसाळ्यापूर्वीं ते पुन्हां आले. धाकटा मुलगा बारावी झाला आहे. पुण्याला कोठला तरी सहा महिन्यांचा क्लास, फी दीड लाख, आणि नोकरी नक्की लागेल असा तोंडी भरंवसा. म्हणाले, “काय करू, सर?”

आम्हीं म्हटलें, “देऊ नका. नोकरीची हमी लेखी देतात का ते विचारा. देत नसतील तर एक रुपयाही देऊ नका.”

लेखी मागितल्यावर तेथील माणसानें फोन उचलणें बंद केलें. मुलगा आमच्यावर रागावला आहे. त्याचे दोन मित्र त्या क्लासाला गेले, आणि त्याला वाटतें कीं सरांनीं त्याचा हंगाम घालविला. रस्त्यांत भेटला तर मान वळवितो. क्लास खरा निघाला तर त्याचें म्हणणें बरोबर ठरेल, हेंही आम्ही जाणून आहों. वडिलांचा मात्र परवां फोन आला होता. कपाशीची पहिली वेचणी झाली आणि भाव पडलेला आहे, एवढें सांगण्याकरितां.